दया कोणी करायची?

राऊला माझी मावशी राहते. राऊ म्हणजे इंदूरच्या शेवटचे आणि महूच्या अलीकडचे गाव. आता गाव कसले म्हणा, मुंबई-आग्रा रस्त्याच्या दोन्ही अंगांनी इंदूरच वाढत वाढत तिथे येऊन टेकले आहे. पूर्वी राऊ म्हटले की महूच्या गाडीतले एक स्टेशन, एवढीच ओळख होती. आता आयआयएमची टेकडी, नव्या वसाहती आणि पहाटेपासून पोह्यांच्या गाड्यांभोवतीची गर्दी. मावशीचे लग्न झाले तेव्हा फोंड्याहून राऊला पोचायला तीन दिवस लागत असत, असे ती अजून सांगते. पन्नास वर्षांत तिची मराठी इंदुरी झाली आहे. गोव्याची म्हणून तिच्यात उरली आहे ती फक्त माशांची आठवण.

गेल्या फेब्रुवारीत मी तिच्याकडे होतो. सकाळी पोहे-जिलबी खाताना मी म्हटले, "मावशी, उद्या मी उदयनगरला जाऊन येतो."

"तिथं काय आहे रे?"

"राणी मारियाची समाधी आहे."

मावशी गप्प बसली. मावसभावाने मात्र पेपर खाली ठेवला. "ती नन ना? तू गोव्याचा माणूस, तुला ह्या लोकांची दया माहीत नाही होय? दया म्हणजे गळाला लावलेला गांडूळ. तुमच्याकडे तर सगळा इतिहासच आहे."

वाचकहो, हे वाक्य मी गोव्यात शंभर वेळा ऐकले आहे. तरुणपणी मीही ते म्हटले आहे, आणि छापूनही आणले आहे. त्यामुळे आज जे लिहितो आहे ते मावसभावाला उद्देशून असले तरी त्यातला अर्धा मार माझ्या पाठीवर आहे. उरलेल्यापैकी थोडा आमच्या ख्रिस्ती मित्रांनीही सोसावा, अशी विनंती आहे.

आधी हकिकत. गोव्यात ती फारशी कोणाला ठाऊक नाही.

राणी मारिया मूळची केरळची. एर्नाकुलम जिल्ह्यातल्या पुल्लुवळी गावी 29 जानेवारी 1954 रोजी एका शेतकरी कुटुंबात तिचा जन्म झाला. फ्रान्सिस्कन क्लारिस्ट संघात ती नन झाली आणि उत्तरेत आली. आधी उत्तर प्रदेशात बिजनौरला, 1983 पासून मध्य प्रदेशातच सतना भागात आणि 1992 पासून देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला. हा सगळा डोंगराळ मुलूख. आदिवासी आणि भूमिहीन शेतमजुरांची वस्ती. सावकाराकडून पेरणीला पैसे उचलायचे आणि पीक त्याच्याच खळ्यावर टाकायचे, असा पिढ्यानपिढ्यांचा रिवाज. राणी मारियाने तिथे बचतगट बांधले. सरकारी योजनांचे अर्ज कसे भरायचे आणि बँकेचे कर्ज कसे मिळवायचे, हे लोकांना शिकवले. सावकाराच्या दारातली गर्दी कमी होऊ लागली.

25 फेब्रुवारी 1995. सकाळची बस उदयनगरहून इंदूरकडे निघाली. तिला इंदूरहून पुढे भोपाळ आणि मग केरळ गाठायचे होते. बसमध्ये पन्नासेक माणसे होती. वाटेत समंदर सिंग नावाच्या तरुणाने बस थांबवायला लावली, खाली उतरून नारळ फोडला आणि खोबऱ्याचे तुकडे वाटले, असे नंतरच्या वृत्तांतांत आले आहे. नाचनबोर घाटाजवळ त्याने सुरा काढला. आधी बसमध्ये वार केले, मग तिला बाहेर ओढून रस्त्यावर वार केले. अंगावर 54 जखमा मोजल्या गेल्या. येशूचे नाव घेत ती गेली. वय वर्षे एक्केचाळीस.

समंदर सिंग पकडला गेला, खटला चालला, जन्मठेप झाली. गावातल्या बड्या मंडळींनी आपल्याला भरीला घातले, हे त्यानेच पुढे मुलाखतींत सांगितले.

इथपर्यंतची गोष्ट आपल्या देशात नवी नाही. नवे आहे ते पुढचे. स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे एक भगवे वस्त्र नेसणारे कॅथलिक धर्मगुरू तुरुंगात समंदर सिंगला भेटू लागले. मग 2002 च्या ऑगस्टमध्ये, राखीच्या दिवसांत, राणी मारियाची सख्खी धाकटी बहीण इंदूरच्या तुरुंगात गेली. तीही त्याच संघातली नन, सेल्मी पॉल. तिने बहिणीच्या खुन्याच्या मनगटाला राखी बांधली. पुढे त्याची सुटका व्हावी म्हणून याच घरच्यांनी राज्यपालांकडे शब्द टाकला. 2006 साली, अकरा वर्षांनी तो सुटला. 2007 साली तो केरळात तिच्या आईवडिलांच्या घरी गेला. या हातांना माझ्या मुलीचे रक्त लागले आहे म्हणून मला त्यांचे चुंबन घ्यायचे आहे, असे ती म्हातारी आई म्हणाल्याचे सांगतात. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरमध्ये राणी मारियाला 'धन्य' घोषित करण्यात आले. त्या सोहळ्यालाही समंदर सिंग हजर होता.

ही झाली हकिकत. आता वादाचे बोलू.

मावसभावाचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. गोव्याच्या माणसाला तो नेताच येत नाही. जुन्या गोव्यात इन्क्विझिशन 1560 साली आले आणि मधली चार वर्षे सोडली तर 1812 पर्यंत राहिले. त्या वाड्याला आपले पूर्वज 'ओर्लें घर', म्हणजे मोठे घर म्हणत आणि तिकडे बोट दाखवायला भीत. त्या इन्क्विझिशनच्या निशाणावर एका बाजूला तलवार आणि दुसऱ्या बाजूला ऑलिव्हची डहाळी असे आणि सोबत दोन शब्द असत: न्याय आणि दया. होय, दया! आरोपीला जाळण्यासाठी सरकारी अधिकाऱ्यांच्या हवाली करताना धर्मसभेची मंडळी वर 'याच्यावर दया करावी' अशी लेखी विनंतीही करीत. विनंती करणारे आणि विनंती ऐकणारे, दोघांनाही पुढे काय होणार ते ठाऊक असे. शार्ल देलाँ नावाचा फ्रेंच वैद्य त्या कोठड्यांत राहून आला आणि 1687 साली त्याने सारे छापून जगाला सांगितले. ज्या भूमीत दया हा शब्द निशाणावर लिहून माणसे जाळली गेली, तिथल्या लोकांनी त्या शब्दाकडे संशयाने पाहिले तर त्यांना दोष कसा द्यायचा?

पण त्याच जुन्या गोव्यात, हाकेच्या अंतरावर, आणखी एक घर होते. सांता काझा दा मिझेरिकॉर्दिया, म्हणजे दयेचे पवित्र घर. लिस्बनमध्ये 1498 साली राणी लिओनोरच्या पुढाकाराने निघालेल्या संस्थेची ही गोव्यातली बहीण, सोळाव्या शतकाच्या आरंभीच इथे आली. तिचे काम ठरलेले होते. कॅथलिक परंपरेत दयेची कृत्ये चौदा मोजतात, सात देहाची आणि सात आत्म्याची. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, आजाऱ्याची विचारपूस, कैद्याची भेट, मेलेल्याला मूठमाती. ही देहाची. आत्म्याच्या सातांत एक आहे ते म्हणजे आपला अपराध केलेल्याला क्षमा करणे. यादी बघा, यात 'मनात कणव बाळगणे' असे काही नाही. सगळी क्रियापदे हातापायांची आहेत. ख्रिस्ती धर्मात दया ही भावना नसून काम आहे, हे मला त्या यादीने प्रथम समजावले.

ते घर तरी धुतल्या तांदळासारखे होते का? नव्हते. साम्राज्याचा पैसा, साम्राज्याचे भेदभाव त्यातही होतेच. पण मुद्दा असा की एकाच गावात, एकाच धर्माच्या नावाने दोन घरे उभी होती. एकाने दया निशाणावर लिहिली, दुसऱ्याने निदान तिची कामे वाटून घेतली. आपण गेली साठ वर्षे गोव्यात फक्त पहिल्या घराबद्दल लिहीत आहोत. ते लिहिलेच पाहिजे, आणि मी तर म्हणतो अजून लिहिले पाहिजे. पण पहिल्या घराची खोटी दया दाखवून जगातली सगळी ख्रिस्ती दया खोटी ठरवायची, हा कुठला न्याय? नकली नाणे सापडले म्हणून कोणी टांकसाळ नव्हतीच असे म्हणत नाही. नकली नाणे निघते तेच मुळी खऱ्याला किंमत असते म्हणून.

गळाचे म्हणाल तर तेही तपासू. मराठी माणसाला हा वाद पंडिता रमाबाईंपासून माहीत आहे. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवा गोळा करून घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यातूनच उभे राहिले. पुण्याने त्यांना काय काय म्हटले ते सर्वांना माहीत आहे. त्या मुलींपैकी पुष्कळ ख्रिस्ती झाल्या, हेही खरे आहे. तेव्हा संशय निराधार नव्हता, हे मी मान्य करतो. पण एक प्रश्न टीकाकारांना तेव्हाही विचारता आला असता आणि आजही विचारता येतो. त्या मुली तिथे मरत होत्या तेव्हा गळ न लावता त्यांना उचलायला आपल्यापैकी कोण गेले होते? काठावर बसून गळाची निंदा करणाऱ्याने निदान पाण्यात एक दोर तरी सोडावा.

आणि राणी मारियाच्या बाबतीत तर गळाची भाषा अगदीच लंगडी पडते. समंदर सिंगला राखी बांधून सेल्मी पॉलला काय मिळाले? गेलेली बहीण परत आली नाही, आणि समाजातून दुखावलेल्या माणसांचे बोल मात्र ऐकावे लागले असतील. खुन्याच्या मनगटाला तिने जपमाळ गुंडाळली नाही. या माळव्याच्या मातीतला, आपल्या बहिणी आपल्याला बांधतात तोच धागा बांधला. दयेला तिने परकी भाषा बोलायला लावली नाही.

आता आमच्या ख्रिस्ती मित्रांकडे वळतो. गोव्यात ते माझे शेजारी आहेत, त्यामुळे बोलायचा हक्क आहे.

तुम्ही राणी मारियाची गोष्ट सांगता ती फार गोड करून सांगता. मेणबत्त्या, हार, तसबीर, आणि शेवटी खुनी पश्चात्तापाने रडतो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते, आणि तो जेवायला घरी जातो. पण एक गोष्ट तुम्ही हळूच पदराआड करता. तिला मारले ते ती प्रार्थना करत होती म्हणून नाही. ती बँकेत नेत होती म्हणून. ती तांदूळ वाटत बसली असती तर सावकारांनी तिचा सत्कार केला असता, कदाचित एखादे पोतेही दिले असते! दान देणारी दया कोणालाच बोचत नाही. उलट ती सर्वांना हवी असते, कारण तिने खालचा खाली आणि वरचा वर राहतो. जी दया माणसाला सावकाराच्या दारातून उठवून बँकेच्या काउंटरवर उभे करते, तिच्यावर सुरा निघतो.

राऊहून महू अगदी जवळ. 14 एप्रिल 1891 ला बाबासाहेब आंबेडकर तिथे जन्मले. मी त्याच फेरीत तिथल्या स्मारकावरही जाऊन आलो. बाबासाहेबांची सगळी हयात हेच सांगण्यात गेली की माणसाला उपकार नकोत, हक्क हवेत. अनेकांना वाटते की दया आणि हक्क एकमेकांचे वैरी आहेत. उदयनगरला जाऊन आल्यावर मला तसे वाटत नाही. हक्क नाकारणाऱ्या व्यवस्थेत जी दया हक्काचा अर्ज भरून देते ती दया खरी. बाकीची सगळी केवळ मन हलके करण्याची सोय. आमच्या गोव्यातल्या चॅपलांपुढे आणि देवळांपुढे दर आठवड्याला ती भरपूर वाटली जाते. भाटकाराच्या घरून मुंडकाराच्या घरी फेस्ताला सान्नां जात असत आणि चवथीला करंज्या. पण मुंडकाराच्या घराखालची जमीन त्याच्या नावावर व्हायला कायदा यावा लागला. ती सान्नां आणि त्या करंज्या ही सुद्धा दयाच होती. म्हणूनच म्हणतो, तपासून घ्या.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो दोन्ही बाजूंकडून येतो. अशी दया केली तर न्यायाचे काय? उद्या प्रत्येक खुन्याला कोणी राखी बांधली तर कायदा कशाला?

याचे उत्तर या हकिकतीतच आहे. पण ते बघायला क्रम नीट ध्यानात घ्यावा लागतो. आधी अटक झाली, मग खटला, मग शिक्षा, मग तुरुंगातली वर्षे. दया आली ती त्यानंतर. सेल्मी पॉलने न्यायालयात जाऊन 'हा निर्दोष आहे' असे म्हटले नाही. गुन्हा गुन्हाच राहिला. 54 जखमा 54 च राहिल्या. क्षमा करायची तर आधी अपराध झाला हे मान्य व्हावे लागते. झालेच नाही म्हणणाऱ्याला क्षमा करता येत नाही. ओरिसातल्या मनोहरपूरला 1999 च्या जानेवारीत ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दहा आणि सहा वर्षांची दोन मुले गाडीत जिवंत जाळली गेली. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. पण कायद्याचे काम कायदा करील, त्यात आपण पडणार नाही, अशीच त्यांची भूमिका राहिली. मुख्य आरोपीची जन्मठेप 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. क्षमा झाली आणि शिक्षाही झाली. दोन्ही एकाच वेळी उभी राहू शकतात, हे आपल्या देशात एका विधवेने दाखवून दिले आहे.

यातून एक नियम निघतो, आणि माझ्या मते या विषयातला तोच कळीचा आहे. दया करण्याचा हक्क ज्याचे नुकसान झाले त्याचा. इतर कोणाचा नाही. सेल्मी पॉल क्षमा करू शकते, तुम्ही-मी तिच्या वतीने करू शकत नाही. एखाद्या दंगलीतल्या गुन्हेगारांना मधल्याच कोणीतरी हार घालून बाहेर काढले, तर ती दया नसते. तो दुसऱ्याच्या खिशातून केलेला दानधर्म असतो. आणि उलट बाजूने, पीडितालाच 'तू ख्रिस्ती ना, मग क्षमा कर, तक्रार मागे घे' असे सांगणारे धर्मगुरूही मी पाहिले आहेत. मारकुट्या नवऱ्याच्या बायकोला असला उपदेश करणे ही दया नव्हे. तो नवऱ्याशी केलेला समझोता आहे. वसूल करून घेतलेली क्षमा ही खंडणी असते.

मात्र या नियमाच्या आडोशाला आपल्याला लपताही येत नाही. कारण क्षमेचा हक्क आपला नसला तरी दुसरी एक दया आपल्या वाट्याला रोज येते. तिच्यासाठी मी त्या बसकडे परत जातो.

पन्नासेक माणसे. कोणाच्या हातात अजून नारळाचा तुकडा असेल. एक माणूस, एक सुरा. ड्रायव्हर होता, कंडक्टर होता. कोणी उठले नाही. येशूने सांगितलेली ती गोष्ट सर्वांनाच माहीत असते: वाटेवर एकाला लुटून अर्धमेला करून टाकलेला, पुरोहित बघून पलीकडून जातो, देवळाचा सेवकही पलीकडून जातो, आणि ज्याला सगळे नीच मानतात तो परक्या जातीचा समरियी माणूस थांबतो. आपण ती गोष्ट ऐकताना नेहमी समरियी होतो. बसमध्ये असतो तर आपण कोण झालो असतो? त्या पन्नासांत वाईट माणसे होती असे मला मुळीच वाटत नाही. त्यांना दया आली असेल. पुष्कळांना आयुष्यभर झोप लागली नसेल. पण मघाची यादी आठवा, तिथे 'दया येणे' हे क्रियापदच नाही.

मावसभाऊ म्हणाला होता, "आपल्यात हे सगळं आधीपासून आहे. आपल्याला शिकवायला कोणी नको." खरे आहे, आहेच. नाथांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतली, ही गोष्ट आपण आजीच्या मांडीवर ऐकली. माउलींनी पसायदान मागताना दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांचे दुष्टपण तेवढे जावे असे मागितले. समंदर सिंगच्या बाबतीत नेमके तेच तर घडले! मग ज्ञानेश्वरी घरात ठेवणाऱ्या माणसाला त्या राखीचा राग का यावा? ज्या फादर स्टीफन्सचे आपल्या ओवीतले ख्रिस्तपुराण 1616 साली रायतूरला छापले गेले, त्याला हे नाते चारशे वर्षांपूर्वी कळले होते. दया ही दोन्ही घरांत आहे. पोथीत आहे. प्रश्न पोथीबाहेरचा आहे, आणि तिथे आपण दोघेही त्याच बसमध्ये बसलेलो आहोत.

आता शेवटचे, आणि लिहायला सर्वांत जड.

वीस वर्षांपूर्वी माझा थोरला भाऊ कुंडईच्या चढणीवर ट्रकखाली गेला. ट्रक चालवणारा मुलगा जेमतेम वीस-बावीसचा, आमच्याच बाजूच्या गावचा, ख्रिस्ती. तो प्यालेला होता. तिसऱ्या दिवशी त्याची आई आमच्या दारात आली. एकटीच. काळा झगा घातलेली, हातात काही नाही. मी तिला ओळखले आणि आत जाऊन दार लावून घेतले. मुद्दाम आवाज होईल असे लावले. आतून मला आईचा आवाज ऐकू आला. तिने त्या बाईला बसायला सांगितले, पाणी दिले, आणि म्हणाली, "तुजोय पूत गेलोच न्हय, बाये." बाकी काही बोलली नाही. दोघी बराच वेळ रडत होत्या.

खटल्यात मी साक्ष दिली, आणि ती द्यायलाच हवी होती. त्याला शिक्षा झाली, ती त्याने भोगली. आईनेही मला कधी अडवले नाही. पण त्या वर्षापासून चवथीला नेवऱ्यांचा एक डबा आमच्या घरून त्या घरी जातो आणि नाताळाला तिकडून दोदोलची ताटली येते. डबा न्यायला आई कधी शेजारच्या पोराला पाठवते, कधी स्वतः जाते. मला तिने एकदाही सांगितले नाही. मीही कधी विचारले नाही. तो मुलगा आता मुलगा राहिला नाही, त्याचे केस पिकले आहेत. बाजारात दिसला की मी रस्त्याची बाजू बदलतो.

आणि हाच मी, इन्क्विझिशनच्या निशाणावर दया लिहिली होती म्हणून गेली पंचवीस वर्षे लेख लिहितो आहे.

उदयनगरच्या समाधीपाशी मी फार वेळ थांबलो नाही. प्रार्थना मला येत नाही. परतताना बस नाचनबोरवरून आली. पळस फुलला होता. बसमध्ये गर्दी होती, आणि मी उगीचच माणसे मोजत बसलो. संध्याकाळी राऊला पोचलो तेव्हा मावसभावाने विचारले, "काय, झालास का ख्रिस्ती?"

"नाही," मी म्हटले. "पण आईला जे बिनपोथीचे कळते ते मला अजून कळत नाही, एवढे कळले."

मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुझ्या आईचं सोड. तू काय करणार ते सांग."

मी तेव्हा काही बोललो नाही. इथे सांगतो. या चवथीला डबा मी नेणार आहे. दारात उभा राहिल्यावर काय बोलायचे, तो समोर आला तर त्याच्याकडे बघता येईल की नाही, हे मला आज माहीत नाही. क्षमा केली असे तर मी मुळीच म्हणत नाही. पण सातही कामे शेवटी हातापायांचीच आहेत, आणि डबा उचलायला हात पुरतात.